खेळाचा अभ्यास करायचा आहे, पण कोणत्या दाराने शिरावे?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेपासून खो-खो खेळले, राज्य स्पर्धेपर्यंत गेले. गेल्या हंगामात गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि खेळ सुटला. दुखण्यापेक्षा ‘आता मी मैदानावर कोण?’ हा प्रश्न जास्त छळतो. शिवाय आमच्या संघातील बऱ्याच मुली दहावीनंतर दिसेनाशा झाल्या, त्याचे कारण कुणी विचारलेही नाही. खेळाची सामाजिक, राजकीय आणि मानसिक बाजू शिकवणारा अभ्यासक्रम आहे का? बाबा म्हणतात, बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) कर, शाळेत लागशील.

उत्तर :

प्रिय विद्यार्थिनीस,

तुमच्या पत्रातील दोन वाक्यांत तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आलेले आहे. मैदानावर आपण कोण, हा मानसशास्त्राचा प्रश्न आहे. मुली कुठे गेल्या, हा समाजशास्त्राचा आहे आणि त्याच्या पोटात राजकारणही आहे. या तिन्ही बाजू एकत्र शिकवणारी पदवी आपल्याकडे सहजासहजी मिळणार नाही, आणि माझे स्पष्ट मत असे की एम.ए.च्या पातळीवर ती शोधूही नये. आधी एका विद्याशाखेची शिस्त अंगी बाणवावी आणि मग ती खेळाकडे वळवावी. तेव्हा ‘कोणता अभ्यासक्रम?’ हे विचारण्याआधी या दोन प्रश्नांपैकी कोणता तुम्हाला स्वस्थ बसू देत नाही, ते ठरवा.

प्रत्यक्ष जीवनात मात्र या बाजू वेगळ्या राहत नाहीत, हेही खरे. पळवणकर बाळू यांचेच पाहा. चर्मकार समाजात जन्मलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर कामाला होता आणि तिथे साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत असे. युरोपियनांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा, हे ओळखून त्या काळच्या धर्मवार क्रिकेट सामन्यांतील हिंदू संघाने त्यांना घेतले. पण मैदानावर ज्यांच्या हातून आलेला चेंडू सगळे झेलत, त्यांना चहा मात्र बाहेर, वेगळ्या भांड्यात मिळे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते पुढे 1923 मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, आणि तेही या भावंडांनी अन्यायाविरुद्ध उघड भूमिका घेतल्यानंतर. पुढे 1937 च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत बाळू डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले आणि पराभूत झाले. समाजशास्त्राचा विद्यार्थी यात जातीची उतरंड पाहील आणि राज्यशास्त्राचा विद्यार्थी, नामवंत खेळाडूला उमेदवारी देणाऱ्या पक्षांचे गणित मांडील. मानसशास्त्राचा विद्यार्थी विचारील की, असा दुहेरी व्यवहार वर्षानुवर्षे सोसत माणूस गोलंदाजीवर लक्ष एकाग्र करतो तरी कसे. प्रसंग तोच असला, तरी प्रत्येकाची पुरावा गोळा करण्याची रीत वेगळी आहे, आणि पदवी घेऊन शिकायची असते ती ही रीत.

आजचे उदाहरण हवे असेल तर 2023 मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर बसलेल्या महिला कुस्तीगिरांचे घ्या. लैंगिक छळाची तक्रार ज्या महासंघाच्या अध्यक्षांविरुद्ध होती, खेळाडूंची निवडही त्याच महासंघाच्या हाती होती, हा त्यातला खरा पेच. 2025 मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात महासंघांच्या कार्यकारी समितीवर किमान 4 महिला असण्याची आणि वादांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची तरतूद आहे. हा कायदा जिल्हा संघटनेच्या पातळीवर कितपत झिरपतो, हे पाहणारी माणसे लागणार आहेत. मला तरी यात संशोधनाला, क्रीडा पत्रकारितेला आणि विधी शाखेच्या विद्यार्थ्यांना मोठा वाव दिसतो.

आता वाटा. मन मानसशास्त्राकडे ओढत असेल तर मानसशास्त्रात एम.ए. करा किंवा थेट क्रीडा मानसशास्त्र निवडा. मणिपूरच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठात त्याचे एम.ए. आहे, आणि ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेतही या विषयाचा अभ्यास होतो. मात्र एक भेद पक्का ध्यानात ठेवा. स्पर्धेतील दडपण, एकाग्रता, दुखापतीनंतरचे पुनरागमन यांवर काम करणे वेगळे आणि नैराश्यासारख्या आजारावर उपचार करणे वेगळे. उपचारांसाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले चिकित्सा मानसशास्त्राचे शिक्षण आणि नोंदणी लागते. बीजिंगच्या सुवर्णपदकानंतर आपल्याला नैराश्याने गाठले होते, असे अभिनव बिंद्रा यांनी स्वतः सांगितले आहे; तेव्हा या दोन कामांची सीमारेषा खेळाडूच्या आयुष्यात कधी ओलांडली जाईल, हे सांगता येत नाही. मुली कुठे गेल्या, हा दुसरा प्रश्न अधिक जवळचा वाटत असेल तर समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्रात एम.ए. करून प्रबंधाचा विषय खेळ ठेवावा.

नोकऱ्यांविषयी गोड बोलण्यात अर्थ नाही. भारतीय क्रीडा प्राधिकरणाची केंद्रे, खासगी अकादमी, लीगमधील संघ आणि स्वयंसेवी संस्था येथे जागा आहेत, पण थोड्या आणि बहुधा कंत्राटी. सुरुवातीची काही वर्षे अध्यापन किंवा समुपदेशनाची जोड लागेल, हे घरी आधीच बोलून ठेवा.

बाबांचे म्हणणे वाऱ्यावर सोडू नका. शाळेत नोकरी म्हणजे महिन्याला ठरलेला पगार, आणि मुलीच्या बाबतीत त्यांना ती हमी हवी असणे स्वाभाविक आहे. परंतु बी.पी.एड.च्या सीईटीत मैदानी चाचणी असते आणि ती तुमच्या गुडघ्याला झेपेल का, हे अर्ज भरण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना विचारायला हवे. त्यानंतरही टेट ही शिक्षक अभियोग्यता चाचणी, शिक्षकभरतीचे पवित्र पोर्टल आणि क्रीडाशिक्षकांच्या मोजक्या जागा ही वाट आहेच. ती बंद नाही, पण बाबांना वाटते तितकी सरळही नाही.

येत्या वर्षी एक काम मात्र जरूर करा. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आपल्याच संघातून बाहेर पडलेल्या मुलींना भेटा. ‘खेळ का सोडला?’ असे थेट विचारलेत तर ‘घरचे नको म्हणाले’ एवढेच उत्तर मिळेल. त्याऐवजी बारीक विचारा: सराव किती वाजता सुटायचा, शेवटची एस.टी. किती वाजता होती, मैदानावर मुलींसाठी स्वच्छतागृह होते का, पाळीच्या दिवसांत काय करायच्या, निवड चाचणीची तारीख कुणी आणि किती दिवस आधी कळवली, दहावीच्या क्लासची वेळ सरावाच्या वेळेवर आली का. सायंकाळी साडेसहाला सराव सुटतो आणि सहाची गाडी शेवटची असते, ही गोष्ट एखाद्या मुलीच्या ‘इच्छाशक्तीच्या अभावा’पेक्षा बरेच काही सांगून जाते. जिल्हा संघटनेच्या बैठकीत हे वेळापत्रक कोण ठरवते, तेही पाहा.

मुलाखती मराठीतच घ्या आणि त्यांच्या शब्दांतच उतरवून काढा. अठरा वर्षांखालील मुलींसाठी पालकांची लेखी संमती घ्या, अहवालात खरी नावे घालू नका, आणि संघातील जुनी भांडणे त्यात येऊ देऊ नका. तुम्ही स्वतः त्या संघात होता, म्हणून ही काळजी दुप्पट घ्यावी लागेल. संख्याशास्त्राचा पेपर ऐच्छिक असेल तर तो सोडू नका. विभागातील मार्गदर्शक प्राध्यापकांना उन्हाळी सुट्टीपूर्वीच भेटून विषय नोंदवून ठेवा, म्हणजे सुट्टीत घरी आलेल्या, लग्न होऊन गेलेल्या मुलींनाही तुम्हाला गाठता येईल.