वाचक विचारतात: शिक्षा आईला, मग लेकराचं काय?

प्रश्न: काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं, पण इंग्लंडमधून ऑस्ट्रेलियालाही कैदी पाठवायचे आणि त्यात बायका, तान्ही मुलंसुद्धा असायची असं वाचलं. मुलांचा काय गुन्हा? त्यांना सोबत नेणं बंधनकारक होतं का?

उत्तर: बंधनकारक अजिबात नव्हतं, उलट सोबत न्यायला मिळालं तर नशीब अशी गत होती. १७८८ पासून पुढच्या ऐंशी वर्षांत साधारण २५,००० बायका तिकडे पाठवल्या, बऱ्याचजणी किरकोळ चोरीसाठी, कपडे नाहीतर घरातली भांडी वगैरे. शिक्षेच्या हुकमात नाव फक्त आईचं. मूल त्यात कुठेच नाही, म्हणून त्याचं काय करायचं हे समोर जो अधिकारी असेल त्याच्या मर्जीवर.

सुझॅना होम्सचंच बघा. नॉरिचच्या तुरुंगात तिला हेन्री केबल नावाच्या कैद्यापासून मुलगा झाला. १७८६ मध्ये तिला प्लिमथला नेलं तर तिथल्या कैदी जहाजाच्या कॅप्टनने बाळ घ्यायला साफ नकार दिला, म्हणे बाळाबद्दल ऑर्डर नाही. बाळ अंगावर पिणारं, आई आकांत करतेय, आणि तिला पोचवायला आलेला जेलर जॉन सिम्पसन ते पोर मांडीवर घेऊन तसाच घोडागाडीने लंडनला गेला, थेट गृहमंत्री लॉर्ड सिडनीला गाठलं आणि बाळ आईला परत द्यायचा, शिवाय बापालाही सोबत पाठवायचा हुकूम मिळवला! मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो, त्याचं ते कामच नव्हतं. पेपरात बातमी आल्यावर लोकांनी वर्गणी काढून त्यांना २० पौंडांचं सामान दिलं. ते प्रवासात गायब झालं, तर या जोडप्याने ऑस्ट्रेलियात सिडनीला पोचल्यावर त्या प्रवासाच्या जहाजाच्या कॅप्टनवर केस केली आणि जुलै १७८८ मध्ये १५ पौंड भरपाई मिळवली. त्या वसाहतीतली ही पहिली दिवाणी केस, आणि ती लढली कैद्यांनी.

सगळ्यांना सिम्पसन भेटला नाही. ऑगस्ट १८३३ मध्ये ॲम्फिट्राइट जहाज १०८ कैदी बायका आणि १२ मुलं घेऊन निघालं आणि आठवड्याभरात फ्रान्सच्या बुलोन गावासमोर वाळूत रुतलं. किनारा डोळ्यासमोर होता, मदतीला होडी आली, एक फ्रेंच खलाशी तर पोहत जहाजापर्यंत गेला, पण कॅप्टनने बायकांना उतरवलंच नाही. रात्री जहाज फुटलं. तीन खलाशी वाचले, बायका-मुलांपैकी एकही नाही. हे वाचताना अजूनही संताप होतो.

प्रवास नंतर थोडा सुधारला. १८१५ च्या सुमारापासून प्रत्येक जहाजावर सरकारी सर्जन असायचा, आणि तुरुंगातल्या बायकांसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्राय या बाईंनी जहाजांवर जाऊन बायकांना सुया, दोरे, कापडाचे तुकडे द्यायला सुरुवात केली, १८१८ मध्ये मारिया नावाच्या जहाजावर मुलांसाठी एका कोपऱ्यात शाळासुद्धा काढून दिली.

पण खरी ताटातूट जमिनीवर उतरल्यावर व्हायची आणि याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. टास्मानिया बेटावरच्या होबार्टला १८२८ मध्ये कॅस्केड्स फिमेल फॅक्टरी सुरू झाली, म्हणजे बायकांचा तुरुंगच, नाव फक्त फॅक्टरी. बाळाला काही महिन्यांतच अंगावरून तोडायचे, आईला कामाला लावायचे, आणि ओल, गर्दी, अपुरं खाणं यामुळे तिथे ढीगभर मुलं दगावली. जी दोन-तीन वर्षांची होईपर्यंत जगली ती न्यू टाउनच्या ऑर्फन स्कूलमध्ये, आई जिवंत असताना अनाथाश्रमात! चार-पाच महिने समुद्रात आईच्या कुशीत काढलेल्या मोठ्या मुलांनाही बऱ्याचदा उतरल्या उतरल्या तिकडेच पाठवायचे. पुढे आईचं लग्न झालं किंवा सवलतीचा परवाना (शिक्षा संपायच्या आधी बाहेर राहून कमवायची मुभा) मिळाला तर ती अर्ज करून मूल परत मागू शकायची, पण मुलाला पोसायची ऐपत आहे हे तिला दाखवावं लागायचं. ज्यांना कुणी न्यायला आलं नाही ती मुलं बारा-चौदा वर्षांची झाली की कुणाच्या तरी शेतावर नाहीतर घरी कामाला लावून द्यायचे.