तळपायावरची न भरणारी सूज

प्रश्न : माझे वडील शहापूरकडे भातशेती करीत, आता ते आमच्याकडे कळव्याला असतात. त्यांच्या तळपायावर तीन वर्षांपासून न दुखणारी सूज असून तिच्यातील छिद्रांतून पू येतो. डॉक्टरांना ‘मायसेटोमा’ची शंका आहे. हा आजार कितपत आढळतो व निदान कसे होते?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मायसेटोमा हा बुरशी किंवा जिवाणूंमुळे होणारा त्वचेखालचा संसर्ग. आजार दुर्मीळ खरा, परंतु उष्ण प्रदेशात अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये तो पूर्वापार दिसत आला आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये त्याचा दुर्लक्षित आजारांत समावेश केला. दुखत नसल्यामुळे रुग्ण वर्षानुवर्षे अंगावर काढतात. म्हणूनच तो नोंदींत दिसतो त्याहून अधिक असावा, असे मला वाटते.

सूज, पू वाहणारी छिद्रे आणि पुवात रव्यासारखे कण, ही तिन्ही एकत्र दिसली की शंका बळावते. गॉजवर पडलेल्या कणांचा रंग नीट पाहा : काळे कण बुरशीचे, तर लाल कण बहुधा जिवाणूंचे असतात, पांढरे मात्र दोन्हींत आढळतात. त्यामुळे केवळ वरवरचा पू न तपासता खोलवरचा तुकडा काढून त्याची बायॉप्सी व कल्चर (त्यातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखणे) करावे लागते, ज्याला काही आठवडे लागू शकतात, आणि हाडापर्यंतचा प्रसार एक्स-रे किंवा एमआरआयवर कळतो. जिवाणूंवर अनेक महिने प्रतिजैविके चालतात; बुरशीवर ती निरुपयोगी ठरतात व पुष्कळदा शस्त्रक्रियाही लागते. तेव्हा औषध सुरू होण्यापूर्वीच बायॉप्सीचा आग्रह अवश्य धरा. हा संसर्ग माणसाकडून माणसाला होत नाही; वडिलांना घरात वेगळे ठेवू नका.