पीटर पॅन आता वाचताना रडू का येतं?

प्रश्न : ताई, माझं वय 38, मुलगी आठ वर्षांची. शाळेत असताना पीटर पॅनचं, म्हणजे त्या कधीच मोठं न होणाऱ्या उडणाऱ्या मुलाच्या गोष्टीचं, छोटं रूपांतर मी इतक्यांदा वाचलं होतं की कव्हर सुटून आलं होतं. आता लेकीसाठी पूर्ण कादंबरी आणलीय, रोज रात्री थोडी थोडी वाचतो, तर ती गादीवर उड्या मारतेय आणि मला त्या पीटरचा चक्क राग येतोय, आणि खिडकी उघडी ठेवून मुलांची वाट बघणारी ती आई आली की घशात आवंढा. मीच मजा घालवतेय का? पुढचं तिला वाचून दाखवू की नको?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : अहो मजा कसली घालवताय, तुम्ही आत्ता कुठे ते पुस्तक पूर्ण वाचताय! जे. एम. बॅरी ह्या लेखकाचं हे आधी नाटक होतं, 1904 चं, कादंबरी आली 1911 ला, आणि कादंबरीत तो मधेमधे नाक खुपसणारा निवेदक आहे ना, तो मुलांबरोबर उडतो खरा पण त्याचा एक डोळा सतत मागे घराकडे असतो. छोट्या रूपांतरात कात्री लागते ती बहुतेक त्यालाच. मुलांच्या वडिलांचंच बघा, मुलांना सांभाळणाऱ्या नाना कुत्रीला आपण बाहेर बांधलं म्हणून मुलं पीटरबरोबर उडून गेली, ह्या अपराधापोटी ते तिच्या खोपटात राहायला जातात आणि ऑफिसलाही खोपट्यासकट कॅबमधून जातात. लहानपणी मी ह्यावर लोळून हसले होते, आता बघवत नाही (अर्थात लोक टाळ्या वाजवतात म्हटल्यावर ते जरा भावही खातात, बॅरी कुणालाच सोडत नाही).

पीटरचा राग येतोय ते बरोबरच आहे. तो चाच्यांच्या कॅप्टन हुकला विसरतो, टिंकर बेल ह्या आपल्या परीलासुद्धा विसरतो, त्या मुलांतली थोरली वेंडी, तिला एक अख्खं वर्ष न्यायला येत नाही आणि पुढच्या वर्षी येतो तेव्हा आपण चुकलो हे त्याच्या गावीही नसतं. बॅरी सहा वर्षांचा असताना त्याचा थोरला भाऊ डेव्हिड स्केटिंग करताना अपघातात गेला, चौदावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. आईच्या मनात तो मुलगा तेराचाच राहिला. हे कळल्यावर मोठं न होणारा मुलगा मला तरी नुसती गंमत वाटेना.

लेकीला वाचून दाखवा, सगळं दाखवा. तिला आत्ता उडणंच दिसणार, दिसू द्या की. फक्त अमेरिकेतल्या आदिवासींबद्दल त्यात जे लिहिलंय ते फार खटकतं, तिथे थांबून दोन मिनिटं बोला, गुपचूप पानं उलटू नका, मुलांना बरोब्बर कळतं.

शेवटचा चॅप्टर मात्र आधी एकटीने वाचून घ्या. पीटर परत येतो, वेंडी आता मोठी बाई झालीय, शेकोटीशी अंग चोरून बसलीय कारण त्याला कळू नये, आणि पलंगावर झोपलीय ती तिची मुलगी जेन. वेंडी दिवा मोठा करायला जाते तर तो ओरडतो, नको म्हणून. कुणाला न घाबरणारा पीटर दिव्याला घाबरतो. मी हे भाचीला वाचून दाखवताना अडकले, ती म्हणाली पुढे वाच ना मावशी, मग पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात जाऊन आले.