ओल्या वाफेसाठी लिक्विड रिंग व्हॅक्यूम पंप खरंच फायद्याचा ठरतो का?

तुमच्या व्हॅक्यूम ड्रायरवरच्या ऑइल-सील्ड पंपाचं तेल सारखं खराब होतंय. पुरवठादार लिक्विड रिंग पंप घ्या म्हणतोय, पण त्याची मोटर मोठी आहे, मग फायदा काय, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं प्लांट मेंटेनन्समध्ये आहे. तुमच्या कामासाठी माझं मत स्पष्ट आहे: घ्या. फक्त पाण्याचा हिशेब आधी करा.

या पंपात इम्पेलर (पात्यांचं चाक) केसिंगच्या मध्यावर नसतो, जरा एका बाजूला सरकवून बसवलेला असतो. तो फिरला की आतलं पाणी बाहेरच्या बाजूला फेकलं जातं आणि केसिंगला लागून पाण्याचं कडं तयार होतं. पात्यांमधली जागा एका बाजूला वाढत जाते, तिथे वायू ओढला जातो. दुसऱ्या बाजूला ती घटत जाते, तिथे तो दाबून बाहेर टाकला जातो. म्हणजे पिस्टनचं काम पाणीच करतं. धातूला धातू घासत नाही, वायूच्या वाटेत तेल नाही. झिजायला मुख्यतः बेअरिंग आणि शाफ्टचं सील एवढंच उरतं.

आता तुमच्या ड्रायरकडे या. त्यातून निघते ती जवळपास सगळी पाण्याची वाफ. ऑइल पंपात ती दाबली गेली की तेलातच पाणी होऊन बसते, तेल दुधासारखं पांढरं होतं आणि व्हॅक्यूम पडायला लागतो. गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडणारा व्हॉल्व्ह) उघडून थोडी वाफ निभावते, पण ड्रायरची एवढी वाफ नाही. लिक्विड रिंगमध्ये हीच वाफ थंड पाण्याला भिडते आणि तिथेच तिचं पाणी होतं. आकारमान एकदम घटतं, त्यामुळे कोरड्या हवेपेक्षा वाफ मिसळलेली हवा हा पंप जास्त ओढतो. दुसऱ्या पंपांना जे मारक, ते याच्या पथ्यावर पडतं, आणि मला या पंपाचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो. सोबत पाण्याचे थेंब किंवा थोडी बारीक पूड आली तरी ती पाण्याबरोबर निघून जाते. तरीही सक्शनला नॉकआउट पॉट (पाणी आधीच वेगळं काढणारं भांडं) लावाच; पाण्याचा मोठा लोंढा एकदम आत आला तर पात्यांवर फार जोर येतो.

दुसरं म्हणजे उष्णता. दाबताना तयार होणारी उष्णता पाणी घेऊन जातं, त्यामुळे वायू फारसा तापत नाही. ॲसिटिलीनसारखा तापवून चालत नाही असा वायू म्हणूनच या यंत्राने दाबतात. आणि आत पाणीच हवं असंही नाही. क्लोरीनसाठी संहत सल्फ्युरिक ॲसिड वापरतात. सॉल्व्हंट ओढायचं असेल तर बऱ्याचदा तेच सॉल्व्हंट सील लिक्विड (कडं तयार करणारा द्रव) म्हणून बंद सर्किटमध्ये, हीट एक्स्चेंजर लावून फिरवता येतं. मग सॉल्व्हंट परत मिळतं आणि सांडपाणीही कमी होतं.

आता पाण्याचा हिशेब. पंप कितीही चांगला असो, आतल्या पाण्याच्या बाष्पदाबाखाली (त्या तापमानाला पाणी ज्या दाबाला उकळतं, त्याखाली) तो जाऊ शकत नाही. 15 अंश सेल्सिअसला हा दाब सुमारे 17 मिलीबार, 30 अंशांना 42 आणि 40 अंशांना 74 मिलीबार असतो. कॅटलॉगमधले आकडे बहुतेक वेळा 15 अंशांच्या पाण्यावरचे असतात. कूलिंग टॉवरचं 32-33 अंशांचं पाणी देऊन 40 मिलीबार मागितले तर ते मिळणार नाहीत. उलट आत पाणी उकळून बुडबुडे फुटतील. त्याला कॅव्हिटेशन म्हणतात. पंपात खडी पडल्यासारखा आवाज येतो आणि पुढे इम्पेलरवर बारीक खड्डे दिसतात. असा आवाज आला की सक्शनला थोडी हवा सोडा, व्हॅक्यूम जरा कमी होईल पण इम्पेलर वाचेल.

मोटर मोठी आहे ही तुमची तक्रार खरी आहे. पाण्याचं कडं सतत फिरवत ठेवायला वीज लागते, त्यात हा पंप ड्राय स्क्रू पंपापेक्षा (आत तेल-पाणी नसलेल्या, स्क्रूवर चालणाऱ्या पंपापेक्षा) मागे पडतो. तुम्हाला सतत 10 मिलीबारच्या खाली काम करायचं असेल किंवा वायू कोरडा आणि स्वच्छ असेल, तर मी स्वतः हा पंप सुचवणार नाही. पाणी जड असेल तर आत क्षार बसून पंप जाम होतो, तेव्हा सॉफ्टनरचा खर्चही धरा.

ऑर्डर देण्याआधी पुरवठादाराकडून तुमच्या सगळ्यात गरम पाण्याच्या तापमानावरचा कर्व्ह (कोणत्या व्हॅक्यूमला पंप किती वायू ओढतो याचा आलेख) लेखी मागून घ्या, आणि तो कोरड्या हवेचा आहे की वाफमिश्रित हवेचा, हेही त्यावर लिहून घ्या.