पैसे भरून मिळते ती इंटर्नशिप नव्हे

प्लेसमेंटचा हंगाम तोंडावर आला की माझ्याकडे एकच प्रश्न दहा वेषांत येतो. पंधरा वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत काढली, त्यातली बरीचशी फ्रेशर निवडण्यात गेली. आता सोलापुरात परत येऊन मुलांकडून मुलाखतीचा सराव करून घेतो. एकेकाला फोनवर सांगून घसा बसतो, म्हणून निवडक पत्रांना इथेच उत्तरं देतो.

बीएस्सी कॉम्प्युटर करतोय, बीई नाही. आयटीत घेतात का? (विजापूर रोड)

घेतात. टीसीएस, विप्रो अशा कंपन्या बीसीए-बीएस्सीवाल्यांची भरती वेगळी करतात. विप्रोच्या योजनेत तर नोकरी करता करता एमटेकही करता येतं. सुरुवातीचा पगार बीईवाल्यापेक्षा कमी असतो आणि काही वर्षं त्याच कंपनीत थांबण्याची अटही असते. ती सही करण्याआधी वाचा.

एक विषय राहिलाय. अर्जात लिहू की नको? (जुळे सोलापूर)

लिहा. जॉइनिंगच्या वेळी प्रत्येक सेमिस्टरची मार्कलिस्ट तपासतात. किती विषय राहिलेले चालतात हे कंपनीगणिक बदलतं, तेव्हा मित्राला नको, टीपीओ सरांना (कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांना) विचारा.

मुलाला पुण्यातल्या कंपनीचं ऑफर लेटर आलंय. २५,००० रुपये डिपॉझिट मागतात, सहा महिन्यांनी परत देणार म्हणे. दहावी-बारावीच्या मूळ मार्कलिस्टही ठेवून घेणार आहेत. भरावेत का? (एक पालक, अशोक चौक)

दादा, एक रुपयाही देऊ नका. नोकरी देणारा पगार देतो, डिपॉझिट घेत नाही. मेल कुठल्या पत्त्यावरून आलाय ते मुलाला बघायला सांगा. कंपनीच्या नावाऐवजी फुकटातला जीमेल असेल तर प्रश्नच मिटला. पैसे आधीच गेले असतील तर आजच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. मूळ कागद दाखवायचे, झेरॉक्स द्यायची, मूळ परत आणायचे.

बाँड, म्हणजे ठरावीक मुदत नोकरी न सोडण्याचा करार, ही वेगळी गोष्ट. 'बाँडला कायद्यात किंमत नाही' असं ठोकून सांगणारे चौकाचौकात आहेत, त्यांचं ऐकू नका. नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करू नको, अशी अट करार कायद्याच्या कलम २७ ने टिकत नाही, हे खरं. पण ठरलेल्या मुदतीआधी सोडल्यास भरपाई द्यायची, ही अट टिकू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. म्हणून सहीआधी कागद वकिलाला दाखवा. त्याची फी बाँडच्या रकमेपेक्षा नक्कीच कमी असेल.

सहा लाखांचं पॅकेज म्हणजे महिन्याला ५०,००० ना? (सात रस्ता)

नाही. समजा मूळ पगार महिना २०,००० आहे. सहा लाखांत कंपनीचा पीएफचा वाटा २८,८०० आणि ग्रॅच्युइटी साधारण ११,५०० धरलेली असते. वर ६०,००० 'व्हेरिएबल' (कामगिरीवर अवलंबून, हमी नसलेली रक्कम) आणि ५०,००० जॉइनिंग बोनस दाखवला असेल, तर दरमहा उरतात साडेसदतीस हजार. त्यातून तुमचा पीएफ २,४०० आणि व्यवसाय कर २०० जातो. हातात आले पस्तीस हजारांना थोडे कमी. पुण्यातली खोली आणि मेस यावर ठरवा. पॅकेजचा आकडा पाहुण्यांना सांगण्यापुरता असतो.

टीईला (इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला) आहे. एक ऑनलाइन कंपनी ४५ दिवसांची इंटर्नशिप १,९९९ रुपयांत देते. सर्टिफिकेटवर 'एआयसीटीई मान्य' (म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता) लिहिलेलं असतं. अख्खा वर्ग तेच करतोय. करू का? (होटगी रोड)

नको. आणि आता जरा दमाने ऐका, कारण याच एका गोष्टीने माझं डोकं उठतं.

इंटर्नशिप म्हणजे काम तुम्ही करायचं, शिकवायचं समोरच्याने आणि जमेल तेवढं विद्यावेतनही त्यानेच द्यायचं. पैसे तुम्ही भरत असाल तर तो क्लास झाला. क्लासला माझी ना नाही, पण बायोडेटात त्याला क्लासच म्हणा. एआयसीटीईचं इंटर्नशिप पोर्टल आहे, तिथे विद्यार्थ्याची नोंदणी फुकट होते. पण एखाद्या कंपनीने तिथे नाव घातलं म्हणून तिच्या प्रत्येक कागदाला परिषदेची मान्यता मिळत नाही. लोगो काय, नव्या पेठेतला डीटीपीवालाही छापून देईल.

मागे सराव मुलाखतीला एक मुलगा आला. फाइलमध्ये पाच सर्टिफिकेटं, तीही लॅमिनेट केलेली. प्रोजेक्ट 'हॉस्पिटल मॅनेजमेंट'. म्हटलं, चालवून दाखव. लॉगिनचं पान उघडलं, तर तळाला बारीक अक्षरात दुसऱ्याच जिल्ह्यातल्या कॉलेजचं नाव आणि सहा वर्षांपूर्वीचं साल! त्याने ते कधी वाचलंच नव्हतं. मी काही बोललो नाही. पेशंटचा तक्ता उघडायला लावला. मोबाइल नंबरचा रकाना साध्या इंटिजरचा. नऊने सुरू होणारा दहा आकडी नंबर त्यात मावत नाही. म्हणजे खऱ्या पेशंटचा नंबर घालून ते प्रोजेक्ट कुणी चालवूनच पाहिलं नव्हतं, ना विकणाऱ्याने, ना घेणाऱ्याने. पोरगा हुशार होता हो. मान खाली घालून बसला. मुलाखत घेणाऱ्याला हे कळायला पाच मिनिटं लागतात, आणि पुढची पाचही सर्टिफिकेटं मग तो उलटूनसुद्धा बघत नाही.

त्याच सुमारास एक मुलगी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात दोन महिने जात होती. मालकाला स्टॉक रजिस्टर कॉम्प्युटरवर हवं होतं. पहिले दहा दिवस हिशेबच जुळेना. शिलाईकडून माल नगात लिहून यायचा, पॅकिंगवाले डझनात लिहायचे आणि डागी माल तिसऱ्याच वहीत. तिने पॅकिंगच्या टेबलापाशी उभं राहून ते शोधलं, मग प्रत्येक नोंदीला एकक सक्तीचं केलं आणि डागी मालाला वेगळा प्रकार दिला. मुलाखतीत तिला या कामाबद्दलच विचारलं आणि ती यावरच पंधरा मिनिटं बोलली. विद्यावेतन मात्र मिळालं नाही, नुसता चहा. तेही काही बरोबर नाही, तिने मागायला हवं होतं.

सोलापुरात आयटी कंपन्या कमी आहेत, मान्य. पण यंत्रमागवाले, साखर कारखाने, मार्केट यार्डातले कांद्याचे अडते, दवाखाने, यातल्या निम्म्यांचा कारभार एक्सेल आणि वहीत अडकलाय. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन चकाचक इमारतींचे फोटो काढण्यापेक्षा मामाच्या ओळखीने एका कारखान्यात शिरा. आणि शिरण्याआधी टीपीओ आणि विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्या, नाहीतर क्रेडिट मिळायचे नाहीत. शेवटी मालकाकडून लेटरहेडवर पत्र घ्या, त्यात काय केलं ते लिहिलेलं हवं. 'वर्तणूक उत्तम' एवढंच लिहिलेलं पत्र कुणी वाचत नाही.

मग पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत अर्ज करू का? दरमहा पैसे मिळतात म्हणे. (तोच विद्यार्थी)

आत्ता नाही. २०२४ ला ही योजना आली ती पूर्णवेळ शिक्षण आणि पूर्णवेळ नोकरी, दोन्हींत नसलेल्यांसाठी. पदवी झाल्यावर केंद्राच्या अप्रेंटिसशिप योजनेचाही विचार करा, तिथे किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा सरकार उचलतं. अटी बदलत राहतात. अर्जाआधी सरकारी पोर्टल स्वतः उघडून वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड नको.

ऑफर मिळून आठ महिने झाले, जॉइनिंगची तारीख नाही. दुसरीकडे प्रयत्न केला तर ही नोकरी जाईल का? (पंढरपूर)

आठ महिने वाट पाहिलीत हेच चुकलं. तारीख नसलेलं ऑफर लेटर म्हणजे नुसता शब्द. आजच दुसरीकडे अर्ज सुरू करा आणि कंपनीच्या एचआरला लेखी मेल करा. फोनवर 'लवकरच' सांगतात, त्याला पुरावा नसतो. हातातली ऑफर सोडायची वेळ आली तर आधी टीपीओंशी बोला, काही कॉलेजांत 'एक विद्यार्थी, एक ऑफर' असा नियम असतो.

एक कन्सल्टन्सी दोन वर्षांचा अनुभव 'बनवून' देते. सगळे करतात म्हणतात. (बार्शी)

सगळे करत नाहीत, पकडले गेलेले गप्प बसतात. नवी कंपनी पार्श्वभूमी तपासते तेव्हा पीएफची नोंद बघते. कुठल्या कंपनीने कुठल्या महिन्यात पैसे भरले ते यूएएनवर (तुमच्या कायमच्या पीएफ क्रमांकावर) दिसतं. तिथे काही नसेल तर बँक स्टेटमेंट मागतात. जॉइन होऊन वर्ष झालेल्यांनाही यावरून काढलेलं मी पाहिलंय. पैसे भरले असतील तर सोडून द्या. पत्र आधीच कुठे दिलं असेल तर वकिलाशी बोला, मला लपवायच्या युक्त्या विचारू नका.

इंग्रजी कच्चं आहे. क्लास लावू? (माढा)

आधी महिनाभर रोज दहा मिनिटं स्वतःचं प्रोजेक्ट इंग्रजीत मोठ्याने सांगा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. व्याकरण चुकलं तर चालतं, पण पाठ केल्यासारखं वाटलं तर पुन्हा सांगा. त्यानंतरही तोंड उघडत नसेल तर क्लास लावा. मात्र वर्षाची फी एकदम भरू नका.