‘देवाचं भय नाही, मग हा घाबरणार कुणाला?’

मी कुटुंबांचं समुपदेशन करते. गणपती गेले की पुढचे दोन आठवडे माझ्याकडे फोन वाढतात. दहा दिवस माणसं एका घरात असतात, पाहुणे असतात, आणि वर्षभर तुंबलेलं नेमकं आरतीच्या वेळी बाहेर येतं. हे कुटुंबही असंच आलं. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत. भांडण मात्र होतं तसंच आहे.

सिंहगड रस्त्यावरचं घर. वडील भोसरीच्या एका कारखान्यात, आई शिकवण्या घेते, आजी घरात, आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा. चतुर्थीला मुलगा आरतीला उभा राहिला नाही, एवढंच असतं तर निभावलं असतं. त्यानं पाहुण्यांसमोर ‘शाडूच्या गोळ्यापुढे मी टाळ्या वाजवणार नाही’ असं जाहीर केलं आणि रात्री सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्गणी देणाऱ्यांना मेंढरं म्हटलं. वडिलांनी हात उचलला, दुसऱ्या दिवशी वायफाय बंद केलं आणि ‘या घरात राहायचं तर आरती म्हणायची, नाहीतर फी स्वतः भर’ असं सांगून टाकलं.

आई माझ्यासमोर बसली तेव्हा तिची काळजी वेगळीच होती. ‘मॅडम, याला देवाचं भय नाही. उद्या नोकरीत चार पैसे इकडचे तिकडे करायची वेळ आली, तर हा थांबणार कशाच्या जोरावर?’

हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी ऐकू येतो. आईबापांना देव जाईल याचं दुःख कमी असतं; देवाबरोबर चांगुलपणाही जाईल, ही धास्ती जास्त असते.

मुलाला एकट्याला बोलावलं. तो तयारीनं आला होता. ‘धर्मच आक्रमक असतो,’ तो म्हणाला. ‘गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, १५६० ते १८१२, मधली काही वर्षं सोडली तर अडीचशे वर्षं. आणि लांब कशाला, २० ऑगस्ट २०१३. ओंकारेश्वराजवळच्या पुलावर सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांना गोळ्या घातल्या. नास्तिकांनी कुणाला मारलंय?’

वडिलांचीही यादी होती. रशियात १९३१ मध्ये मॉस्कोचं मोठं चर्च सुरुंग लावून पाडलं, अल्बानियानं १९६७ मध्ये मशिदी आणि चर्च सरसकट बंद केली. ‘ही तुमची नास्तिक मंडळी!’ असं म्हणताना ते माझ्याकडे बघत होते, आणि त्याला कारण होतं. मी स्वतः पूजाअर्चा करत नाही. पहिल्या भेटीत मी मुलाच्या बोलण्यावर दोन-तीनदा मान डोलावली होती. वडिलांनी ते टिपलं होतं. ‘मॅडम, तुम्हीपण त्यातल्याच का?’ त्यांनी सरळ विचारलं. मी हो म्हणाले. तुमच्यावर अन्याय झाला हेही कबूल केलं. त्यानंतर ते खुर्चीत जरा मागे टेकून बसले.

याद्या दोन्ही खऱ्या होत्या, आणि दोन्ही अर्धवट. त्याच पुलाची गोष्ट घ्या. त्याला नाव आहे महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांचं. ईश्वरावर नितांत श्रद्धा असलेला माणूस, आणि त्याच श्रद्धेतून १९०६ मध्ये अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी संस्था काढून आयुष्य त्यात घातलं. दाभोलकर नास्तिक होते, पण आपल्या चळवळीचा विरोध देवाधर्माला नाही, त्याच्या नावानं चालणाऱ्या शोषणाला आहे, असं ते सतत सांगत. मुलाला हे ठाऊक नव्हतं. दाभोलकर त्याला फक्त वादातला हुकमाचा पत्ता म्हणून माहीत होते. आणि आगरकर! देव न मानणाऱ्या त्या माणसाची याच पुण्यात, तो जिवंत असताना, प्रेतयात्रा काढली गेली. तरीही लिहिणं त्यांनी सोडलं नाही. मला विचाराल तर आस्तिक की नास्तिक यावरून आक्रमकता मोजताच येत नाही. समोरच्याला ‘नाही’ म्हणायची, उठून जायची वाट ठेवली आहे का, तेवढं बघावं. मॉस्कोत ती नव्हती, गोव्यात नव्हती, आणि या घरात वडिलांनी फी अडवली तेव्हा नव्हती. मुलानं काय केलं तेव्हा नव्हती, ते मला अजून दिसायचं होतं.

नीतीच्या प्रश्नावर मात्र मुलगा फार आत्मविश्वासानं बोलला. माकडांचा तो प्रसिद्ध प्रयोग त्यानं फोनवर दाखवला. २००३ मधला; दोन माकडांना एकाच कामाबद्दल एकाला काकडी, दुसऱ्याला द्राक्ष देतात. काकडीवाला चिडतो, काकडी नाकारतो. ‘बघा, न्यायबुद्धी माकडातही आहे. देवाची गरजच काय?’

मी विचारलं, ‘द्राक्षवाल्यानं काय केलं?’

‘खाल्लं,’ तो म्हणाला, आणि हसला.

आपल्यावर अन्याय झाला की चिडणं माकडालाही जमतं, हे खरंच. आपल्या वाटचं द्राक्ष अर्धं द्यायला मात्र कुणीतरी शिकवावं लागतं. तान्ही मुलं डोळे लावलेल्या लाकडी ठोकळ्यांपैकी मदत करणाऱ्याकडे जास्त ओढली जातात, असं २००७ च्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं होतं. पुढे अनेक प्रयोगशाळांनी मिळून हजारावर बाळांवर तोच प्रयोग केला, तेव्हा तसा कल आढळला नाही. तेव्हा चांगुलपणा जन्मतःच मिळतो असं छातीठोक सांगायला मी तरी धजत नाही.

आईला मी सॉक्रेटिसाचा जुना प्रश्न आपल्या भाषेत विचारला. ‘चोरी करू नकोस असं देव सांगतो म्हणून चोरी वाईट, की ती वाईट आहे म्हणून देव तसं सांगतो?’ त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. ‘वाईट आहे म्हणूनच सांगतो. देव काय मनाला येईल ते सांगेल का?’ मग स्वतःच गप्प झाल्या.

तिघांनाही एक आठवडा वही ठेवायला सांगितली. जिथे चुकीचं वागणं सोपं होतं आणि तुम्ही वागला नाहीत, ते लिहायचं, आणि त्या क्षणी मनात काय आलं तेही. वडिलांच्या वहीत एकच नोंद. पेट्रोलपंपावर पाचशे जास्त परत आले, ते दिले. ‘त्या पोराच्या पगारातून कापले असते.’ मुलानं तीन पानं भरली होती, त्यातली बरीचशी तात्त्विक. खरी गोष्ट आईच्या वहीत होती. ‘सासूबाईंना उलट बोलायचं रोज तोंडावर येतं. संध्याकाळी दिवा लावते, हात जोडते, तेवढ्यात राग उतरतो. दिवा नसता तर बोलले असते.’

मुलगा ते ऐकून बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्या हिशेबात दिव्याला जागा नव्हती. माझ्याही नव्हती, खरं तर.

बोलता बोलता आईनं आणखी एक सांगितलं, जाता जाता, जणू काही विशेष नाही. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. दिवसातून चार वेळा थेंब, दोन औषधांमध्ये पाच मिनिटांचं अंतर. ‘तेवढं तोच बघतो. मोबाईलवर गजर लावलेत. कॉलेज असलं की आधी घालून जातो, दुपारी आला की पुन्हा.’

‘मघाशी तुम्ही विचारत होतात, थांबणार कशाच्या जोरावर,’ मी म्हटलं.

‘ते वेगळं हो,’ त्या म्हणाल्या. ‘ती त्याची आजी आहे.’

शेवटच्या भेटीला आजीच आल्या, काळा चष्मा लावून, नातवाचा दंड धरून. बाकीच्यांनी तोवर थोडंफार ठरवलं होतं: आरतीला उभं राहायची सक्ती नाही, पाहुण्यांसमोर टिंगल नाही, फीचा विषय पुन्हा काढायचा नाही. मी आजींना विचारलं, नातवाबद्दल तुमची काही तक्रार? देव न मानल्याची असेल, असं मला वाटलं होतं.

‘तो मानो न मानो, त्याचं तो बघेल,’ त्या म्हणाल्या. ‘पण थेंब घालताना वाद घालतो. मी नाम घेत असते आणि हा विचारतो, कुठंय तो तुझा पांडुरंग. डोळे मिटून आडव्या पडलेल्या माणसाला उठून जाताही येत नाही हो.’

वडिलांना हसू आलं. मुलाला नाही आलं.

महिन्याभरानं आईचा फोन आला. जेवताना बापलेकाचं अजून वाजतंच. थेंब घालताना मात्र तो गप्प असतो. आजी हल्ली नाम मोठ्यानं घेतात, म्हणाली.