हलव्याला काटा येईपर्यंत

प्रश्न : ताई, मी ४८ वर्षांची, नाशिकला बँकेत नोकरी. रात्री जेवणं आटोपली की मोबाइल हातात घेते, ते साडेबारा-एकपर्यंत. काय पाहिलं ते सकाळी आठवतही नाही. भांडी घासताना कानात काहीतरी लागतं, अंघोळीलाही फोन खिडकीत ठेवते. एक रविवार फोन बंद ठेवून पाहिला, तर सोमवारी दोन दिवसांचं एकदम पाहिलं. नुसतं बसलं की छातीत कसंतरी होतं. गेल्या मार्गशीर्षात आई गेली. थंडी पडल्यापासून घर जास्तच रिकामं वाटतंय. ती संक्रांतीला घरी हलवा करायची. तिची परात जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर ठेवली आहे, अजून सोडलेली नाही. ही मोबाइलची सवय कशी सोडवू?

उत्तर : तुला ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस. माझी थोरली लेक तुझ्याच वयाची आहे.

पत्र दोनदा वाचलं. विचारलंस मोबाइलचं आणि शेवटी घाईघाईने परातीचं लिहून गेलीस. मला तीच ओळ खरं पत्र वाटली. वर्षश्राद्धही तोंडावर आलं असेल.

मोबाइलला शिव्या देणाऱ्यांतली मी नाही. माझी नात मेलबर्नला असते, तिचे पडलेले दात मी त्यातच पाहिले. आणि फोनच्या उपवासाचं काय होतं ते तू पाहिलंसच. एकादशी, दुप्पट खाशी!

माझ्या वेळी टीव्ही होता. आमचे हे गेल्यावर दीड वर्ष घरात टीव्ही सकाळी सातला लागायचा तो झोपेपर्यंत. मालिका, बाजारभाव, काहीही. बघत कुणीच नव्हतं. लेक म्हणायची, आईला सोबत होते. सोबत कसली, नुसता गोंगाट. मग एका जानेवारीत रात्री वीज गेली. आमचं निफाड म्हणजे थंडीचं माहेर. पारा चार-पाचवर येतो, द्राक्षांना थंडी बाधू नये म्हणून लोक बागेत रात्रभर शेकोट्या पेटवून धूर करतात. अंधारात मी ओट्याशी उभी, धुराचा वास येतोय, आणि इतके दिवस अडवून धरलेलं समोर आलंच. शेवटच्या सकाळी त्यांनी चहात दोन चमचे साखर घेतली म्हणून मी त्यांना बोलले होते. चांगलं तोडून. त्या एका वाक्यापासून मी दीड वर्ष पळत होते.

तुझ्या छातीत काय आहे ते मी विचारत नाही. झोप उडाली, जेवण सुटलं असं असेल तर मात्र डॉक्टरांना दाखव, त्यात कमीपणा नाही.

आता काम सांगते. परात खाली काढ. पितळेची असेल तर कल्हई पाहून घे. हलवा कर. थंडी आहे तोवरच जमेल. दमट हवेत पाक लवकर वाळत नाही, मग काटा धरत नाही. पाव वाटी पॉलिशचे तीळ पुरेत, ते फुगत जातात. वाटी-दीड वाटी साखर, ती बुडेल एवढं पाणी. उकळताना चमचाभर दूध घाल म्हणजे मळी वर येईल, ती काढून टाक. पाक एकतारी. परात अगदी मंद आचेवर ठेवायची, चमचाभर पाक सोडायचा आणि तीळ सुटे होईपर्यंत बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं. मग पुन्हा चमचाभर. घाईने दोन घातलेस तर लाडू होईल, आच वाढवलीस तर पिवळा पडेल. पहिल्या दिवशी काही दिसणार नाही, तीळ नुसते पांढुरके. काटा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागतो, आणि जोरात हलवलंस तर आलेला मोडतो.

हात चिकट, त्यामुळे फोन उचलता येत नाही, हा त्यातला फायदा. पण कानातही काही लावू नकोस. तीळ ओलसर असताना परातीत आवाज बसका येतो, सुटे झाले की खुळखुळ वाजतात. ती खुळखुळ ऐकू आली नाही तर पुढचा पाक कधी सोडायचा ते कळणार नाही.

पहाटे पाऊण तास बस. आई आठवेल. झालं असेल तर भांडणही आठवेल. हात चालू ठेव. रडू फुटलंच तर गॅस बंद कर, आणि डोळ्यांना बोटं लावू नकोस, साखर चुरचुरते.

पहिल्यांदाच करणार असशील तर खसखशीच्या वाटेला जाऊ नकोस, फार बारीक असते, तिळाचाच कर. आणि बिघडला तरी टाकू नकोस, चहात चालतो. मी तर दोन-दोन चमचे घालते.